न मागता आलेले तांदूळ

बाबा, घरातले तांदूळ संपले आहेत हे वाक्य तुम्ही जन्मात कधी उच्चारलं नाहीत. मायनं गाडग्यात हात घातला आणि बुडाशी नखं घासल्याचा आवाज आला की तुम्ही म्हणायचात, "आता त्याची वेळ आहे." जणू इतका वेळ पाळी आपली होती आणि आता बदलली. मग तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटायचात, माय चुलीत काटक्या सरकवायची, आणि मी तुमच्या ओठांकडे बघत बसायचे. तुम्ही देवाकडे तांदूळ मागताय की नुसतं अन्न मागताय, हे मला जाणून घ्यायचं असे. नुसतं अन्न म्हटलं आणि त्यानं लाखोळी पाठवली तर काय करायचं, अशी मला धास्ती. लाखोळी म्हणजे आपल्याकडची गरिबाची डाळ. धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, उरलेल्या ओलीवर येते, पोट भरते, आणि रोज तीच खाल्ली तर पायांवर जाते असं म्हातारी माणसं सांगायची. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. आज तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे मी आले आहे, म्हणून थोडं बरोबरीनं बोलते. रागावू नका, आणि रागावलात तरी आता काय करणार आहात.

आपलं घर भंडारा जिल्ह्यात, करडी गावाच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, आणि त्यांचे प्रचारक तुम्ही. सायकलवर बाजाची पेटी बांधून बाजाराच्या गावांना जायचं, झाडाखाली बसून गाणं म्हणायचं, दोन शब्द सांगायचे, आणि रविवारी त्या कवेलूच्या छपराच्या खोलीत उपासना घ्यायची. तुमच्या बापाला मोठ्या दुष्काळात मिशनच्या गाडीनं मोहाच्या झाडाखालून उचललं होतं. हात पसरायचंही बळ नसलेलं ते पोर न मागता वाचलं. ही गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की आपल्या घराण्याचा मूळपुरुष ते मोहाचं झाडच आहे असं मला वाटे. पुढे मिशनचे गोरे साहेब लोक त्यांच्या देशाला कायमचे निघाले आणि प्रचारकांचे पगार थांबले. कोणी कंपाउंडर झालं, कोणी शाळेत शिपाई. तुम्हालाही साहेबानं भंडाऱ्याला चौकीदारी मिळवून दिली होती. तुम्ही म्हणालात, मी ज्याचा नोकर आहे तो कुठे गेलेला नाही. तेव्हा खूश होऊन साहेबानं तुम्हाला आपला स्वतःचा नेम सांगितला, की गरज माणसाला सांगायची नाही, फक्त देवाला सांगायची, मग देव ज्याला सांगायचं त्याला सांगतो. साहेब जन्मभर तसाच राहिला म्हणे. साहेबाच्या कपाटात डबाबंद लोणी असायचं, हे मात्र मायनं मला हळूच सांगून ठेवलं होतं.

तो नेम तुम्ही घरी आणलात आणि आम्हा दोघींच्या तोंडाला बांधलात. कोणी विचारलं, जेवली का, तर म्हणायचं, जेवली. हे खोटं होत नाही का, असं मी एकदा विचारलंही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सकारी पेज पेली ना? मंग ते जेवनच झालं." तुमच्याशी वादात कोण जिंकणार. पण एक गोष्ट खरी, तुम्ही आम्हाला उपाशी ठेवून स्वतः जेवणाऱ्यातले नव्हतात. ताटात आधी माझं, मग मायचं, मग उरलं तर तुमचं. उरलं नाही तर तुम्ही लोटाभर पाणी पिऊन म्हणायचात, आज माझा उपास आहे. आणि तो उपास तुम्ही खरंच धरायचात, मनापासून, जणू आधीपासून ठरलेला होता.

कुंपणापलीकडची काकी आठवत असेलच. कुणब्याचं भरलं घर, कोठीत धान, गोठ्यात बैलजोडी, आणि काकीचा हात मोकळा. भादव्यातली गोष्ट आहे. धानाचे रोवणे संपलेले, मायची मजुरी थांबलेली, नवं धान यायला अजून अवकाश. भर दुपारी काकी टोपलीभर तांदूळ घेऊन आपल्या दारापुढच्या छपरीत आली. मी खांबाला धरून उभी आहे, टोपलीवरची पळसाची पानं बाजूला होतात आणि आतले पांढरे तांदूळ मला दिसतात. काकी म्हणाली, "पाद्रीभाऊ, एवढे तांदूर ठेवून घ्या. बाईचं तोंड पाहून वाटलं, घरात नसन काई." तुम्ही उठून उभे राहिलात, हात जोडलेत आणि विचारलंत, "तुमाले कोनी सांगितलं, वहिनी?" ती म्हणाली, "कोनी कायले सांगन? डोरे नाईत का मले?" तुम्ही मायकडे वळलात. तुमचा आवाज चढला नव्हता, तुमचा आवाज कधी चढतच नसे. "तू सांगितलं?" मायनं मान हलवली, नाही म्हणून. तुमचा विश्वास बसला नाही. तुम्ही काकीला म्हणालात, "राग नोका मानू वहिनी. सांगून आलेलं मी घेत नाई. हे घेतलं त त्यानं पाठवलेलं कोनतं न तुमी आनलेलं कोनतं, मले कसं समजन?" काकीनं टोपलीवर पानं पुन्हा पसरली. "तांदरावर नाव रायते का जी?" एवढं म्हणाली आणि टोपली कमरेवर घेऊन निघून गेली.

त्या संध्याकाळी आपण आंबाडीची भाजी मीठ घालून उकडून खाल्ली. तुम्ही प्रार्थनेला बसा म्हणालात तेव्हा ती बसली, पण डोळे मिटून झाल्यावर म्हणाली, "तुमचा देव सोता दरवाज्यात आला त त्यालेबी पुसान, कोनी सांगितलं." तुम्हाला हे लागलं. मला तेव्हा तुमचीच बाजू खरी वाटली होती, हेही सांगून टाकते. मला वाटलं, मायला भरवसा नाही, बाबांना आहे. पोरींना बाप असेच आवडतात, ठाम.

आणि मग काही दिवसांनी ते सुरू झालं. पहाटे तुम्ही दार उघडलंत आणि छपरीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले तांदूळ ठेवलेले होते. तुम्ही ते गाठोडं दोन्ही हातांनी उचलून आत आणलंत, तान्हं बाळ आणावं तसं. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुम्ही हसत होतात. "पाह्य," मायला म्हणालात, "कोनाले सांगितलं नवतं ना आपन?" माय म्हणाली, "नाई." आणि चूल पेटवायला बसली. त्यानंतर तंगी आली की हे होतच राहिलं, कधी तांदूळ, कधी त्यासोबत वांगी, एकदा चक्क मोहरीचं तेल. रविवारी तुम्ही उभे राहून साक्ष द्यायचात. काल गाडगं रिकामं होतं, आम्ही कोणाला शब्द बोललो नाही, आणि आज पाहा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पेटीवर तुमची बोटं नुसती नाचायची. माय पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलेली असायची, मला वाटे लाजते आहे. आता वाटतं, देवाच्या घरी जुनी लुगडी फाडून गाठोडी बांधतात हे आपल्याला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं. पण ती वर्षं तुमची फार सुखाची होती, बाबा. फाटक्या बनियनवर इतका सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मायची एक सवय होती. घरातलं धान्य संपलं की ती सूप काढायची, शेणमातीनं सारवायची आणि सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, कुंपणावर पालथं वाळत घालायची. रिकामं आहे तोवर सारवून घेते, म्हणायची. सगळ्याच बायका सूप सारवतात, त्यात बघण्यासारखं काय. तुम्हीही कितीदा त्या सुपाच्या शेजारून तोंड धुवायला गेला असाल.

मग ते आश्विनातले दिवस. मायला हिवताप भरला, गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात, आणि डोळे हळदीसारखे झाले. भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर करडीपर्यंत बैलगाडी हवी, मग मोटार. गाडी काकीकडे होती, पण काकी आंबागडला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि काका शेतावर मुक्कामाला. मी म्हटलं, "बाबा, मी शेतावर जाऊन काकाले गाडी मागू का?" तुम्ही मायच्या डोक्यावर हात ठेवून बसला होतात. म्हणालात, "नाई. गाडी येईन. त्याले मालूम आहे." माय मध्येच शुद्धीवर आली आणि मला म्हणाली, "सूप सारवून बाहेर टाक वो." तुम्ही म्हणालात, ताप डोक्यात गेला हिच्या. पण ती इतक्या वेळा म्हणाली की मी सूप सारवलं आणि कुंपणावर टाकलं. मला बरं वाटलं, काहीतरी केलं म्हणून. सूप वाळलं, कडक झालं, त्याच्यावर कावळा येऊन बसला. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर धानाचे भारे आणायला निघालेल्या कोणा गाडीवाल्यानं माझं रडणं ऐकून गाडी थांबवली. तेव्हा तुम्ही म्हणालात, पाहा, आली. मायनं करडीच्या अलीकडेच मान टाकली.

तिला मातीत ठेवून आलो आणि तुम्ही पहिलं काम काय केलंत, ते सूप कुंपणावरून काढून आणलंत. तिच्या हातांची बोटं त्या सारवणात उमटलेली आहेत, म्हणालात. ती बोटं माझी होती, पण मी बोलले नाही, तुम्ही ते इतकं जपून धरलं होतं. भिंतीत खुंटी ठोकून तुम्ही ते तिथं टांगलंत आणि मला सांगितलंत, "याले हात नोको लावू. मायची आठवन हाय." मी तांदूळ ताटात पाखडायला शिकले. पुढे पाखडायला तांदूळच राहिले नाहीत.

कारण पाठवणं थांबलं. तुम्ही रोज पहाटे दार उघडायचात, छपरीत बघायचात, मग अंगणात दोन पावलं जायचात, जसं काही कोणी चुकून लांब ठेवलं असेल. मला ते अंथरुणातून दिसायचं. काकी आंबागडहून आल्यावर भेटायला आली, छपरीतच बसून रडली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, रिकाम्या हातानं आली तशी गेली. तलावावर भेटली की विचारायची, "जेवली का वो?" मी म्हणायचे, "जेवली." मला तर तेच शिकवलेलं. हिवाळा गेला, होळी गेली. रविवारी तुम्ही साक्ष द्यायला उभे राहायचात आणि जुनीच सांगायचात, मागच्या वर्षीची. मग तीही सांगेनासे झालात.

तुम्ही एवढंच समजलात की देवानं तोंड फिरवलं आहे, आणि फिरवलं तर कारण घरातच असणार. एका दुपारी तुम्ही मला समोर बसवलंत. मारणं-झोडणं तुमच्यात नव्हतं, बाबा, पण त्या दुपारपेक्षा मार परवडला असता. "आठव," म्हणालात, "काई खोटं बोलली? काई उचललं कोनाचं?" मी आठवून आठवून थकले आणि शेवटी सांगितलं की पाटलाच्या झाडाच्या चिंचा खाल्ल्या. तुमचा चेहरा उजळला. तुम्ही मला घेऊन पाटलाच्या दारात गेलात, हात जोडून माफी मागितलीत. पाटील हसायला लागला. "पाद्री, गावची सारी पोट्टी खातेत त्या चिचा. तुमचा देव चिचाचा हिसाब ठेवते का?" तुम्ही हसला नाहीत. घरी येताना तुमची पावलं हलकी पडत होती, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच तुम्ही दार उघडलंत, आणि छपरीत नेहमीसारखी धूळ होती. मग तुम्ही स्वतःतलं शोधायला लागलात. चहा सोडलात. पेटीवर आपला फार जीव आहे, देवापेक्षा जास्त आहे, असं तुम्हाला वाटलं, म्हणून ती सायकलला बांधून भंडाऱ्याच्या चर्चच्या मंडळीला देऊन आलात. येताना चालत आल्यासारखे थकलेले दिसत होतात. पेटी गेली आणि घरातलं गाणं गेलं. तांदूळ काही आले नाहीत.

त्यानंतरच्या साली पाऊस दगा देऊन गेला. तलावाच्या तळाला भेगा, रोवणे झालेच नाहीत, म्हणजे माझीही मजुरी नाही. तग धरला तो लाखोळीनं. तुम्ही लोकांच्या बांधीत लाखोळी उपटायला जायचात आणि मजुरीत लाखोळीच आणायचात, तीच शिजवायची, तिच्याच पिठाच्या भाकरी. रेशनचे थोडे तांदूळ मिळत ते तुम्ही माझ्यासाठी वेगळ्या गाडग्यात ठेवलेत. मी म्हणायचे, तुम्हीपण घ्या. तुम्ही म्हणायचात, "मले लाखोरीच आवडते." आयुष्यात तुम्ही केलेलं ते एकमेव खोटं विधान असावं, आणि ते पचायला जड गेलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तुमचे पाय ताठ व्हायला लागले. टाचा टेकेनात, चालताना एक पाय दुसऱ्यात अडकायचा. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं पायाला हातही न लावता विचारलं, लाखोळी किती खाता? सांगितलं त्यानं, आता हे पाय सरळ होणार नाहीत. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "डाक्टरले काय मालूम. हा मार वरून आला आहे." मला त्या वेळी तुम्हाला गदागदा हलवावंसं वाटलं. ज्या गाडग्यातले तांदूळ मी खाल्ले ते तुमच्या पायांतून आले होते, आणि तुम्ही त्यालाही देवाची शिक्षा म्हणत होतात.

पुढे माझं लग्न झालं. वरठीला कारखाना उभा राहत होता, माझ्या माणसाला तिथं काम लागलं, आणि मी तुम्हाला आमच्या खोलीवर घेऊन आले. सामान म्हणून तुम्ही फक्त ते सूप आणलंत. तिथं पोटभर होतं, बाबा. दोन वेळा भात होता, वर वरण होतं. तुम्ही जेवायचात, पण ते अन्न तुम्हाला कधी त्याच्याकडून आल्यासारखं वाटलं नाही. जावयाच्या पगाराचं आहे, म्हणायचात. तुम्ही प्रार्थना सोडली नाहीत, त्यातलं मागणं सोडलंत. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायची ओळ आली की तुमचे ओठ थांबायचे, मग पुढच्या ओळीला लागायचे. माझा मुलगा तेव्हा रांगत होता, तो तुमच्या ताठ पायांना धरून उभा राहायला शिकला. एका सकाळी मी तुमचे पाय तेलानं चोळत होते आणि तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारलंत, "त्यानं मले काहून सोडलं असन वो?" मी म्हटलं, नाही सोडलं, बाबा. तुम्ही म्हणालात, "तुले नाई समजनार. मायच्या वक्ती तो रोज ऐके." त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. डोळे उघडे होते. शांत वगैरे काही नव्हतं तोंडावर. लोक म्हणतात तसं मीही सगळ्यांना सांगितलं, शांत गेले.

मातीला काकी आली होती, लेकाच्या मोटारसायकलवर मागे बसून, खूप थकलेली. सगळे गेल्यावर ती आत आली, आणि भिंतीवरचं सूप बघून तिथंच थबकली. "हे अजून हाय?" म्हणाली. मी सांगितलं की मायची आठवण म्हणून बाबांनी टांगलं, तेव्हापासून कोणी हात लावला नाही. काकी खाली बसली. मग तिनं सांगितलं. तुम्ही टोपली परत केलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी माय तिला तलावावर भेटली होती. म्हणाली होती, तोंडानं मी कोणाला सांगणार नाही, त्यांचा नेम मोडणार नाही. पण माझं सूप कुंपणावर पालथं दिसलं तर समजून घ्या. नाही दिसलं तर येऊ नका, पुन्हा त्यांच्या हातून तुमचा अपमान मला पाहवणार नाही. "मले त कोनीच सांगे नाई," काकी म्हणाली, "मले सूप सांगे." आणि माय गेल्यावर? "मी रोज कुंपनाकडं पाहो. सूप दिसेच नाई. मले वाटलं, मायनं तुले सांगून ठेवलं असन, चालून रायलं तुमचं. तुले पुसलं त तूबी म्हने, जेवली." तिनं सुपाला हात लावला नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि लेकाला हाक मारली.

तर असं आहे, बाबा. देवानं तोंड फिरवलं नव्हतं. तुम्हीच ते खुंटीवर टांगलं होतं, प्रेमानं. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी इतकी वर्षं विचार करते आहे. तुम्ही हार मानणारे नव्हतात. एका दमात म्हणाला असता, "सूप ठेवाची अक्कल तुह्या मायले कोनी देली? काकीले मन कोनी देलं?" ठीक आहे, मानते. मग मायच्या तापात काकीला आंबागडला कोणी पाठवलं? मी स्वतः सारवून टाकलेलं सूप कुंपणावर वाळत होतं तेव्हा ते वाचणारं माणूस कुठे होतं? आणि माय गेल्यावर ती अक्कल मला का दिली नाही? तेरा वर्षांची पोर काय कमी विश्वासानं झोपत होती? इथवर आले की मला तुमचं वाईट वाटतं आणि मीच विषय सोडते.

हे लिहिलेले कागद मी तुमच्या कबरीपाशी नेऊन वाचणार होते. पिशवीत घालून एकदा वरठीच्या फाट्यापर्यंत गेलेही. मग वाटलं, काय सांगायला चालले आहे मी? नाही सांगितलं तर तुम्ही देवानं टाकलेले म्हणून पडून आहात. सांगितलं तर ती सुखाची वर्षंही तुमच्याकडून काढून घेते, पहाटेची ती गाठोडी, तो हसता-रडता चेहरा. दोन्हींतलं कमी दुःखाचं कोणतं हे मला ठरवता आलं नाही. मी परत फिरले. कागद आता कपाटात साड्यांखाली राहतील, आणि माझ्यामागे कोणी ते रद्दीत घालील.

एक मात्र कबूल करते. माझा माणूस गेला, मुलगा पुण्याला असतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. परवा पेज ओतताना अंदाज चुकला आणि हात भाजला, फोड अजून ओला आहे. मुलगा रविवारी फोन करतो. चांगला आहे पोरगा, नेमानं विचारतो, "आई, काही लागतं का?" मी म्हणते, काही नाही रे. माझा विश्वास कधीच गेला, प्रार्थनाही गेली, तरी तोंड उघडत नाही. मला वाटतं, मी न सांगता त्याला कळावं. त्याला कळत नाही, आणि मी सांगणार नाही.